चार रिकाम्या जागा

ओउलूमध्ये दुपारी अडीचलाच अंधार.
तुओवीने कन्सोलचं झाकण काढलं:
वीस वर्षांची धूळ, मांजराचा एक केस,
आणि हिरव्या बोर्डावर चार रिकाम्या जागा.

कारखान्यानेच सोडलेल्या.
पंगतीत पानं मांडावीत, रांगोळी घालावी
आणि पाहुणे येऊच नयेत, तशा.

भिंग जाड, टोक बारीक, हात
मोबाइलच्या कारखान्यात मुरलेले.
(तो बंद झाला तेव्हा सगळ्यांना केक मिळाला होता.)
एकेका चिपला शंभर पाय.
श्वास धरायचा, डाग द्यायचा. पुन्हा. पुन्हा.
तिसऱ्या चिपचे दोन पाय चिकटले;
एक शिवी, मग तांब्याच्या वेणीने
जादा कथील हळूच टिपून घेतलं.

पडदा उजळला. चौसष्टचे एकशे अठ्ठावीस.

शेजारचा ओत्सो, वय अकरा,
"आता खेळ बदलेल?"
"छे. जुन्या खेळांना पत्ताच नाही
ही जागा आहे याचा.
चौसष्टातच भागवतात ते."
"मग कशाला एवढं?"

तिने स्क्रू मोजले. सहातला एक सापडेना.
पाचांवरच झाकण बसवलं,
उरलेल्या भोकावरून अंगठा फिरवत म्हणाली,
"जागा ठेवली होती ना रे कुणीतरी."