याचा सा कुठला

दाभोळच्या धक्क्यावर तिकिटं फाडून फाडून
अंगठा आणि तर्जनी तयार झालीत माझी.
मधलं बोट, अनामिका सुटे पैसे मोजतात.
करंगळीनं मात्र आयुष्यात
एकच काम केलं, तेही शाळेत:
बाई, जाऊ?
डोंगर उचलणाऱ्याची करंगळी वेगळी.
त्याला काठ्या लावायला
अख्खं गोकुळ होतं.

शब्बीरभाई परकार म्हणाले, आज चारही लागतील.
बत्तीस वर्षं जहाजावर आधी भांडी घासून, मग शिजवून
ते घरी आले, तेव्हा सामानात
दोन ब्लँकेटं, एक कुकर
आणि कुयरीएवढं हे युकुलेले.
घरच्यांनी आधी कुकर उघडून बघितला.

सगळ्यात वरच्या तारेवर तर्जनी, पहिला पडदा.
तिच्याखाली अनामिका, दुसरा.
मग मधलं बोट, परत पहिला.
करंगळी, परत दुसरा.
डिमिनिश्ड सेवन्थ, ते म्हणाले.
मी म्हटलं, नावातच अशक्तपणा.

तीन आठवडे नुसतं थप्प.
करंगळी शेजारणीच्या अंगावर रेलायची,
तार मुकी व्हायची.
नखं कापली. बोटांच्या टोकांवर रेघा उठल्या,
सुटे पैसे देताना
नाणं कुठलं ते कळेना.

मग एका मंगळवारी, ओहोटीला,
फेरी पलीकडे खोळंबलेली,
तो वाजला.

सिनेमात दार करकरतं
आणि आत कोण आहे ते दाखवत नाहीत,
तसा.

आमच्याकडे सूर म्हणजे आधी सा.
अप्पा भजनाला पेटी उघडायचे, काळी दोन दाबायचे,
की माणसं मांडी घालून टेकायची.
मी विचारलं, याचा सा कुठला?
शब्बीरभाईंनी चारही तारा एकेक करून छेडल्या.
जो म्हणशील तो.
असं कसं?
असंच. चौघांत थोरला कुणी नाही.
एकाला घर म्हण आणि नीघ.

मग म्हणाले, बोटं तशीच ठेव,
तीन पडदे सरक.
सरकले. तीच चार माणसं,
फेरीत जागा बदलून बसलेली.
अजून तीन. परत तीच.
जगात हे असे तीनच गं, ते म्हणाले,
बाकी सगळी पाळण्यातली नावं.

माझं माहेर धोपाव्याला, सासर दाभोळला.
मधे खाडी, दहा मिनिटांची,
आणि अठरा वर्षं मी
दोन्हीकडची तिकिटं फाडते आहे.
हे त्यांना सांगितलं नाही.
करंगळी निसटत होती.

काल शेवटच्या फेरीला तीन बाईक,
एक टेंपो, आंब्याच्या रिकाम्या पेट्या,
आणि एक म्हातारा, कुणाशी तरी फोनवर
मोठमोठ्यानं भांडत, रेंज जाईपर्यंत.
मी केबिनच्या मागे बसून वाजवला.
स्वच्छ. चारही तारा.
गजा डिंगणकर इंजिनावर हात ठेवून ओरडला,
काय झालं?
काही नाही, म्हटलं.
मग थांबलीस का?
पुढचा अजून येत नाही.