मोठी अक्षरं

नारिनच्या थंडीत टीव्हीला माझा फोन सापडेना.
तीनदा वायफाय बंद-चालू केलं.
सागिनबेककाका म्हणाले, वायर असती
तर एव्हाना लागलं असतं.
मग एकदम लागलं:
भिंतीवर माझा अख्खा फोन,
कोपऱ्यात बॅटरी नऊ टक्के, चारचौघांत.

मॉस्कोचे फोटो दाखवत गेलो.
गोदाम नाही; नदी, दिवे,
उसना कोट घातलेला मी.
आई चष्म्याशिवाय बसलेली.
फोनवर म्हणे तिला माझा चेहरा
तांदळाच्या दाण्याएवढा दिसतो.

सातव्या फोटोवर वरून एक पट्टी उतरली,
एकेक अक्षर वीतभर:
गुरुवारी रात्रपाळी. तिकीट काढलंस ना?

मी बर्फ वितळेपर्यंत राहणार होतो.
निदान तसं सांगून आलो होतो.

अंगठा हलला, पट्टी गेली,
नदी परत आली.
काका म्हणाले, पाणी छान आहे.
बेर्मेतने किटलीखालची आच कमी केली,
उगाच.

आई उठली.
आतून परातीत पीठ पडल्याचा आवाज आला.
आज सोमवार,
आणि सकाळचे चार नान
तसेच होते फडक्यात.