चहा निवेपर्यंत

ओगुलगेरेक म्हणजे 'मुलगा हवा होता'.
पाच बहिणींतली मी शेवटची.
आता या तुर्कमेन गवताळ माळावर, आरोग्यघराच्या भिंतीला
तेहरानहून छापून आलेला तक्ता टांगते.
तक्त्यावर तीन पायऱ्या,
आणि सगळ्यात वर एक हसरं कुटुंब,
ज्याच्या दातांत आमची वाळू कधी कचकचली नसावी.

बायका मागावरून उठून येतात,
बोटांना लोकरीचा लाल रंग,
प्रत्येकीपुढे तिची स्वतःची किटली.
आमच्यात किटली वाटून घेत नाहीत.

मी म्हणते, पहिली पायरी : थांबा.
ओता, आणि निवेपर्यंत
एकमेकींच्या सुनांबद्दल बोला.
"निवलेला चहा म्हणजे रुसलेला जावई,"
बायरामबीबी म्हणते.
हशा पिकतो. ती माझ्याकडे बघत
वाफेसकट घोट घेते.

तोंड पोळल्यावर ताक फुंकणारे
खूप पाहिलेत मी.
न पोळताच फुंकायला शिकवलं,
तर वहीत त्याला रकाना नाही.
कुणाला काय झालं नाही, ते मोजायचं कसं?

दुसऱ्या पायरीवर माझा आवाज उतरतो.
घास अडतो का? रोटी भिजवून खाता का?
छातीच्या हाडामागे काही टोचतं?
विचारताना डोळे वहीत ठेवते.
खोटं सांगणारीला सोपं जातं,
खरं सांगणारीलाही.
गोंबदच्या इस्पितळात नळी घालून बघतात.
बस सकाळी सहाला.

तिसरी पायरी मी घरी शिकले.
बाबांची अन्ननळी कापली, पोट वर ओढून जोडलं.
मग उशाला तीन उशा,
दिवसातून सहादा वाटीभर शोरबा,
आणि कोमट चहा; ते त्याला 'सरकारी चहा' म्हणत.
घोडे पळवणारा माणूस
एका घोटापाशी पाव तास बसायचा.
तक्त्यावर लिहिलंय, जीवनमान सुधारणे.
बाबा म्हणायचे, "उतरला."

शेवटच्या वसंतात त्यांनी सुई नको म्हटलं.
ती पायरी तक्त्यावर नव्हती.
मी खिडकी उघडली,
बाहेर कुणाची तरी शिंगरं खिंकाळत होती.

बायका गेल्या. मी तक्ता गुंडाळतेय.
बायरामबीबी अजून बसलेली,
दुसरी प्याली भरलेली, तशीच,
वाफ केव्हाच विरलेली.
हातातला रोटीचा तुकडा
ती तीत बुडवते, विसरते, पुन्हा बुडवते.

"बस सहाला म्हणालीस," ती विचारते,
"की साडेसहाला?"