माडावरून

चौऱ्याऐंशी नंबरच्या माडावर होतो मी,
पोयीला वादी आवळत,
कमरेला आऊत, पाठीशी भोपळा.
नंबर खाली, बुंध्यावर, डांबराने.
ज्या साली माडांना नंबर पडले
त्याच साली माडामागे रुपये चार बसले.
माड बिचारा थेंब थेंब देतो,
त्याला काय ठाऊक चार रुपये म्हणजे किती.

अबकारी दारोग्याच्या बंगल्यापुढे अख्खी वाडी,
आणि वाडीच्या पुढे धाकोजी हवालदार.
हबश्यांच्या मुलखात लढून आलेला,
डावा कान तिकडच्याच एका चढावर ठेवून.
लाल कोटाला कसर लागलेली,
बिल्ला मात्र चिंचेने घासलेला.
"सरकाराचा मीठ खाल्लंय मी," म्हणायचा,
"म्हणान माका ठावक, ता किती खारट ता."

एक कौल फुटलं, मग दहा.
आतून स्नायडर बोलली.
ती बंदूक त्याने तीन वर्षं खांद्यावर वाहिलेली.
सोडणांच्या ढिगामागून ओरडला,
"वाका! ही मागसून भरतत.
सहा मोजा, मगे उठा."

तेवढ्यात खिडकीत पांढरं हललं.
"थांबा रे. धोंडे खाली. बोलवतत."
उठला, कोट झाडला,
उजवा हात वर करून निघाला
परेडवर निघावं तसा,
आणि सातव्या पावलावर बसला.
पडला नाही. बसला,
पंगतीत पान वाढल्यावर बसतात तसा.

पुढे कचेरीत जबान्या झाल्या.
निशाण दाखवून मारला, म्हणाले आमचे.
निशाण नव्हतंच, म्हणाले त्यांचे.
माझी जबानी कुणी घेतली नाही.
माडावरच्या माणसाला कोण विचारतो.

दारोग्याची बायको होती ती.
काचा फुटत होत्या म्हणून
दांडीवरचं दुपटं आत ओढत होती,
एका हाताने, दुसऱ्यात मूल.

चितेपाशी बोललो नाही.
त्याच्या द्वारकेलाही नाही, अजून.
दग्याने मेलेल्याचं गाव नाव घेतं.
दुपट्याने मेलेल्याचं काय करायचं?

पेन्शनच्या वहीत त्याच्यापुढे 'मयत' पडलं,
त्याच्या अकरा माडांची पट्टी हयात राहिली.
ते अकरा आता मी छेवतो.
शेवटच्या माडावरून ती खिडकी दिसते.
तिथे कधी काही पांढरं वाळत असलं
की आऊत दातांत धरतो
आणि सहा मोजतो.