हातचा एक

तळघरातल्या या खोलीत एकतीस वर्षं
मी टोलिव्हर काउंटीची माणसं मोजते.
खरं तर वह्या मोजते. माणसं वर, उजेडात असतात,
आणि दाखला लागेपर्यंत त्यांना आठवतही नाही
की आपण मोजले गेलोय.

एकोणीसशे तीस : नऊ हजार चारशे बारा.
शाई फिकी, पण नऊचा फुगारा अजून शाबूत.
मागच्या गणतीला : दोन हजार एकशे तीन.
त्यातले दोघे तेव्हाच मरणपंथाला लागलेले,
आणि ग्रॅडी स्कोबी नुसता पत्ता मागे ठेवून डेन्व्हरला गेलेला.

दर एप्रिलला राजधानीतून गुळगुळीत कागदावर अहवाल येतो.
यंदा म्हणे दरडोई उत्पन्न वाढलं.
वाढणारच.
डोयाच कमी झाल्या.
अकरा घरांची जमीन आता एकटा रॉस हावलिक कसतो,
ट्रॅक्टर आपला आपण चालतो, आणि रॉस आत बसून
लिंकनमधल्या नातवाला फोनवर पाढे विचारतो.
मका पूर्वीच्या चौपट. दाणे आहेत, तोंडं नाहीत;
अहवालात याला कार्यक्षमता म्हणतात.

ती अकरा घरं नकाशावर नाहीत.
पण मे महिन्यात गाडी हळू चालवलीत
तर शेताच्या मधोमध लायलॅकचं झुडूप दिसेल, जांभळं फुललेलं,
कुणीतरी स्वयंपाकघराच्या खिडकीखाली लावलेलं.
खिडकी नाही.
रॉस तेवढाच नांगर वळवून नेतो.
का, विचारलं तर म्हणतो, मुळं चिवट असतात.

शाळेचा फुटबॉल संघ अकराचा आठावर आला, आठाचा सहावर.
यंदा शेजारच्या काउंटीशी जोडणार आहेत.
नाव कुणाचं ठेवायचं यावरून बैठकीत खुर्ची उचलली गेली.

प्रसूतिकक्ष बंद केला तेव्हा मला कुणी विचारलं नाही.
बायका आता सत्तर मैलांवर जातात, दोन काउंट्या ओलांडून,
आणि माझ्या 'इथे जन्मलेले' या रकान्यात
नऊ वर्षं शून्य.
शून्याखाली शून्य, सुबक,
जणू वहीला काजं करून ठेवलीत
आणि बटणं लावायची राहिलीत.

मग जानेवारीतली ती रात्र.
डुकरांच्या शेडवर राबणारा एउसेबिओ चोक,
ग्वाटेमालाच्या डोंगरातला, बर्फावर गाडी हाकायला नवखा.
बायको मागच्या सीटवर, गाडी पुलावर अडकलेली.
मागून बर्फ सारणारं यंत्र घेऊन आला मिलो व्होपाट,
वय अडुसष्ट, लग्न नाही,
गाईंची बाळंतपणं मात्र शेकड्यांनी केलेली.

सकाळी दोघं माझ्या टेबलासमोर,
मिलोची टोपी एउसेबिओच्या डोक्यावर.
हद्द नदीच्या मधून जाते, मी म्हणाले,
म्हणजे पुलाच्याही मधून. गाडी नेमकी कुठे होती?
"पुढची चाकं तिकडे," मिलो म्हणाला, "मागची इकडे."
आणि फ्लोरिदाल्मा?
"मागे." मग जरा घुटमळून, "मागेच. हो."
शेजारच्या काउंटीतल्या कारकून बाईंनी दोनदा फोन केला.
त्यांचाही रकाना माझ्यासारखाच.

मी लिहिलं : एक. मुलगी.
जागा : पूल, मागची सीट.
पेन इतकं दाबलं गेलं
की आकडा पुढच्या कोऱ्या पानावरही उमटला.

ऑगस्टमध्ये ते गेले.
दुसऱ्या राज्यातल्या कत्तलखान्यात तासाला चार डॉलर जास्त.
एउसेबिओ टोपी परत द्यायला गेला होता.
मिलो घरात असून त्यानं दार उघडलं नाही म्हणे.
पुढच्या गणतीला ती मुलगी
दुसऱ्या कुणाच्या तरी बेरजेत असेल.

चौथीत मिस क्लोव्हिस बजावायच्या,
हातचा विसरायचा नाही, वर बारीक लिहून ठेवायचा.
मी लिहून ठेवलाय, समासात, पेन्सिलीनं.
फक्त डावीकडे अजून काही मांडलेलं नाही
ज्यात तो मिळवता येईल.