तेर्स संपल्यावर

आमच्या घरी तेर्स संपली
की माय गोळी काढते.
एक पिवळी, अर्धी पांढरी.
पोलू डोळे मिटून जीभ पुढे करतो
आणि गिळून झाल्यावर म्हणतो, आमेन.
पहिल्यांदा म्हणाला तेव्हा माय रागावली होती.
आता तीही गोळी क्षणभर वर धरते.

पोलिकार्प, माझा मोठा भाऊ.
उभादांड्याच्या इगर्जीत घंटा वाजवायचा.
त्या वर्षी उपासाच्या दिवसांत
हातात दोरी धरून थांबला तो थांबलाच.
मिस्सा घंटेविना सुरू झाली.
कोणीतरी बोलत होतं, म्हणाला,
मध्येच कसं तोडायचं?

आम्हाला आधी बरंच वाटलं, हे आज कबूल करते.
घरात संत निघाला तर कुणाला नको असतो?
नातालीन मावशी आपले गुडघे त्याच्या हाताखाली ठेवून गेली.
रापणवाल्यांनी बांगड्यांचा पहिला वाटा दारात ठेवला.
रात्री तो विहिरीपाशी बसून उत्तरं द्यायचा,
होय, होय, येतंय, आता नको,
आणि मी अंथरुणात श्वास धरून पडायची,
पलीकडचं काही ऐकू येतं का म्हणून.

मग तो जेवेना.
मग एका पहाटे कमरेएवढ्या पाण्यात उभा सापडला.
ओहोटी होती, म्हणून सापडला.

रिट्रीटला नेलं.
प्रवचनकार पाहुणा, आवाज खणखणीत.
गरसेकरांच्या मुलखातला तो थडग्यांत राहणारा माणूस सांगितला,
भुतं निघाली, डुकरांत शिरली,
दोन हजार डुकरं कड्यावरून समुद्रात.
मग पोलूच्या डोक्यावर हात ठेवून ओरडला, नीघ!
पोलू काहीच बोलला नाही.
घरी आला आणि रात्री आमच्या डुकरिणीचं दार काढून
तिला समुद्राकडे पाठ करून हाकत नेलं
पार काजूच्या बागांपर्यंत.
माय सकाळभर तिला हाका मारत फिरली.
"माज्यातला भायर पडला तर तिच्यात शिरतला," तो म्हणाला.
"गाभण आसा ती."

रत्नागिरीला फादर हिलारी घेऊन गेले, एसटीने,
वाटेत त्याची ओकारी आपल्या रुमालात धरत.
परत आल्यावर मायने आजाराच्या नावाचा कागद
बायबलात ठेवला, ईयोबापाशी.
मुद्दाम की जिथे उघडलं तिथे,
मी विचारलं नाही.

शिव्या देणारे आवाज आधी गेले.
मग ती हसणारी बाई गेली.
मग उरलेला तो एक,
तोही.
पोलू सुटला. हात थरथरतात, तरी रापणीच्या दोराला लागतो.
अंगणात कपडे वाळत घालताना कधी कधी
मान तिरकी करून थांबतो,
गेलेल्या गाडीची धूळ बघावी तसा.

एका गुरुवारी फादर जेवायला होते.
"फादर, तो बोलणा नाय आता.
मी गोळी घेतंय म्हणान रागावलो काय?"
माय वाढता वाढता थांबली.
फादर बराच वेळ माशाचा एकच काटा काढत राहिले.
मग म्हणाले, "चौतीस वर्षं पाद्री आहे मी, पोलू.
मला त्याने एकदाही हाक मारलेली नाही."

पोलूने त्यांच्याकडे पाहिलं,
रिट्रीटला सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं होतं तसं.
"एकदाय नाय?"
"एकदाही."
"मगे तुमी कसा करतास?"
"घंटा वाजली की उठतो."

गोळीची झोप जड.
सहाची घंटा आता सहा-दहाला होते, कधी सहा-वीसला.
गावात कोणी काही म्हणत नाही,
रापणवाल्यांनी घड्याळं मागे घेतलीत.
मी मात्र सहालाच जागी असते,
अजून श्वास धरून.
काही ऐकू येत नाही.
समुद्र. कुणाचा तरी कोंबडा.
नातालीन मावशीचा खोकला.
मग तो.