कोरे कोपरे

दहापट मोठं दाखवणारं भिंग, सुती हातमोजे,
आतल्या खिशात रोख चार हजार डॉलर.
एवढं घेऊन मी सँडस्कीला गेलो,
व्हर्ना ह्रुस्का या बाईंच्या स्वयंपाकघरात.
वय त्र्याऐंशी. कॉफी पातळ. टेबलावर मेणकापड,
त्यावर बियाण्यांचा जुना कॅटलॉग,
आणि बीट-भोपळ्यांच्या पानांमधून
एकोणीसशे बावन्नचा उन्हाळा
एकेक कार्ड करत बाहेर आला.

श्वास अडकला माझा. खोटं कशाला बोलू.
तीस वर्षं हेच करतोय:
मयताच्या घरचे लिलाव, गॅरेजांमधली खोकी,
मोटेलच्या हॉलमध्ये मांडलेली घडीची टेबलं.
बेसबॉलची कार्डं पाहिली ती
रबरबँडने कंबर आवळलेली,
सायकलच्या चाकात फडफडून फाटलेली,
पेनाने मिशा काढलेली,
पाठीवर ‘हे लॉयडचं आहे, हात लावशील तर बघ’.
पोरांनी जीव लावला की कार्डाचं असंच होतं.
आमच्या धंद्यात जीव लावण्याला दहापैकी दोन गुण,
फार तर तीन.

आणि ही एकोणीस.
कोपरे असे की बोट टेकवलं तर टोचेल.
चारी बाजूंनी पांढरी किनार सारखी,
लाल अजून लाल.
एकाच्या पाठीवर च्युइंगमच्या साखरेची
फिकट सावली, बस्स.
क्लेट डॉब्रिन, शॉर्टस्टॉप. फटक्यांची सरासरी बेतास बात.
बॅट खांद्यावर टाकून, छापील आभाळाखाली
बाहत्तर वर्षं त्याने पापणी हलवली नव्हती.

“इतकी जपलीत कशी?”
मला वाटलं, बाई वडिलांच्या शिस्तीचं काही सांगतील.
बाईंनी कपात चमचा फिरवला.
“जपली नाहीत हो. माझ्याशी कुणी खेळायचंच नाही.

औषधाच्या दुकानामागे विटांची भिंत होती.
ड्वेन, अर्नी, स्कुपिनांचे जुळे,
कार्ड भिंतीकडे भिरकावायचे,
ज्याचं सगळ्यात जवळ पडेल त्याने सगळी उचलायची.
मी पाकीट घ्यायचे, गम चघळत बाजूला उभी.
मुलींना मनगट नसतं, असं ड्वेनचं म्हणणं.
मग घरी येऊन ही भोपळ्यात ठेवायचे.”

भिंगाखाली मी मनात आकडे लावत होतो.
नऊ. साडेआठ. नऊ.
एकटेपणाला आमच्याकडे चांगला भाव मिळतो,
हे तेव्हा नाही सुचलं. परतताना सुचलं,
टोलनाक्यावर, सुट्टे शोधताना.

विसावं कार्ड मक्याच्या पानात होतं.
मधोमध घडी, एक कोपरा उंदराने कुरतडल्यासारखा,
विटेची तांबूस धूळ चेहऱ्यात मुरलेली.
“आणि हे?”
“ऑगस्टात अर्नीला गोवर निघाला. एक गडी कमी पडला.”
एवढंच बोलल्या.
मग संधिवाताने वाकलेला तो हात
टेबलाच्या कडेवरून, नुसत्या मनगटातून
असा काही सोडला
की मी मान वळवून भिंतीकडे पाहिलं.

“याचे किती द्याल?”
“काही नाही. एक डॉलर. तोही तुम्ही आहात म्हणून.”
“मग राहू दे,” म्हणाल्या,
आणि इतक्या हसल्या की कवळी सरकली.

अकरा आठवड्यांनी डॉब्रिन तपासून आला. नऊ.
जाड प्लॅस्टिकमध्ये सीलबंद, डोक्यावर लेबल,
आता कुणाच्या घामाचा थेंब त्याला लागणार नाही.
माझी बायको ग्लेंडा म्हणाली, बर्फात गोठलेला मासा दिसतोय.
मी विमा वाढवला.

रात्री गॅरेजमध्ये गेलो.
खोक्यातलं एक कवडीमोल कार्ड घेतलं,
खडूने रेघ ओढली
आणि वयाच्या चौसष्टाव्या वर्षी, पहिल्यांदाच,
मनगटातून सोडून पाहिलं.
ते हवेत कलंडलं, गवत कापायच्या यंत्राखाली गेलं.
झाडूच्या दांड्याने ओढून काढलं.
कोपरा दुमडला होता.
सवयीने भिंग शोधलं, खिशात नव्हतं.
पुन्हा रेघेमागे जाऊन उभा राहिलो.